पडद्यापलीकडून आलेले चणे

साखरपुड्याचं जेवण मला आवडलं नाही, हे आधीच कबूल करते. पनीरचे तीन प्रकार होते आणि तिन्हींना एकच चव. हॉल मरोळला होता म्हणून तरी मी गेले, नाहीतर आहेराचं पाकीट कुणाच्या तरी हाती धाडून मोकळी झाले असते. चार घास खाल्ल्यासारखे केले, बाहेर पडले आणि पाय आपसूक गावठाणाच्या गल्लीकडे वळले. सुक्या मासळीच्या बाजाराचा वास कोपऱ्यावरच भेटला. इतक्या वर्षांत इथलं सगळं बदललं, हा मात्र जागचा हलला नाही. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावत होते. मी तिथे उभी राहून दोन श्वास जास्तीचे घेतले.

लुईस अंकलचं हॉटेल अजून होतं. पाटीवर पूर्वी इंग्रजीत 'न्यू'ने सुरू होणारं काहीतरी नाव होतं, पण आम्ही सगळे 'लुईसकडे' एवढंच म्हणायचो. आता पाटी काळी, अक्षरं सोनेरी, आणि लुईस अंकल कधीच गेलेले. मी सवयीने बाजूच्या बोळात शिरले, तर तिथलं दारच नव्हतं. भिंत होती आणि भिंतीवर एसीचे तीन डबे घरघरत होते. बोळातलं दार म्हणजे आमचं दार, बायका-मुलांचं. पुढच्या दारात 'परमिट रूम' लिहिलेलं असायचं आणि तिथून आपण आत जायचं नसतं, हे मला दुसरीत असल्यापासून पाठ होतं. पन्नाशी उलटली, रिटायर व्हायला आले, तरी त्या दाराशी माझा पाय अडखळला. युनिफॉर्ममधल्या माणसाने दार उघडून धरलं म्हणून गेले.

आत एका टेबलावर ऑफिसातल्या चार मुली बीअर पीत खिदळत होत्या आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. मला बरं वाटलं. थोडा हेवाही वाटला. मी लिंबू सोडा मागवला. वेटरने त्याच्यासोबत उकडलेल्या चण्यांची एक लहानशी ताटली आणून ठेवली, वर कांदा आणि कोथिंबीर.

"हे मी मागवलं नाही," मी म्हणाले.

"फ्री असतं मॅडम. ड्रिंकसोबत."

"माहीत आहे रे. फार वर्षांपासून माहीत आहे."

तो बिचारा गोंधळून निघून गेला. मी पिशवीतून फोन काढला आणि बोरीवलीला दिगूला लावला. दिगू माझा धाकटा भाऊ. कुठे बसलेय ते सांगितलं, तर हा पठ्ठ्या विचारतो काय, "ए, तिथलं कस्टर्ड मिळतं का गं अजून?"

बाबांची गिरणीतली नोकरी सुटली आणि आम्ही परळहून मरोळला आलो. बाबांना एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम मिळालं. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं. चाळीत एकदोन बिऱ्हाडांकडेच टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी सिनेमा सुरू झाला की अख्खी चाळ त्यांच्या दाराखिडक्यांना लटकायची. आणि पगाराच्या आठवड्यातल्या रविवारी नेमक्या त्याच वेळी आम्ही चौघं कपडे करून लुईसकडे निघायचो. आई आबोलीचा वळेसर माळायची. बाबा शर्ट खोचायचे, जो ते एरवी फक्त लग्नात खोचत. सिनेमा सोडून हॉटेलात जाणारी आम्हीच, याचा मला केवढा तोरा! शेजारच्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात मी दिगूला विचारायची, "आज तू बोंबील खाणार की बांगडा?"

बोळातल्या दाराने आत गेलं की फॅमिली रूम. नाव भारी, पण खोली चार टेबलांची. हिरवट सनमायका, डुगडुगणारी बाकं, भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली एक लाल दिवा. पंखा फक्त एका टेबलाकडे बघायचा, आणि आम्ही लवकर जायचो ते त्या टेबलासाठी. खोलीच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला लाकडी फळ्यांची आडभिंत. तिच्यात एक वाट होती आणि वाटेवर जाड मेंदी रंगाचा पडदा. पडद्याच्या पलीकडे परमिट रूम. तिकडून सिगारेटचा धूर, बीअरचा आंबूस वास, ट्रान्झिस्टर आणि पुरुषांचं हसणं यायचं. इकडून तिकडे जायचा बोंबील तळल्याचा वास. वासांना काही पडदा नसतो.

स्वयंपाक फिलोमिना आंटी करायच्या, लुईस अंकलची बायको. ही दोघं मूळची मरोळ गावठाणातलीच, त्यांच्या घरी मराठीच बोलत, पण आमच्याहून वेगळी. आंटींच्या मटणाला एक वास होता, जो आमच्या घरच्या मालवणी मसाल्याला नव्हता. आई पहिला घास घेऊन डोळे मिटायची आणि त्यात काय काय पडलंय ते शोधायची. "दगडफूल हा. नागकेशर हा. आणि आणखी कायतरी हा," ती म्हणायची. आंटी पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि हसायच्या. "पंचवीस-तीस जिन्नस हायेत वैनी. सगळे सांगले तर तू माज्याकडे येशील कशाला?"

तो मसाला मे महिन्यात व्हायचा. बोळात चटयांवर मिरच्या वाळत पडायच्या. मग मसाला कुटणाऱ्या तिघी बायका यायच्या आणि एकाच लाकडी उखळात तिघींची मुसळं एकामागून एक पडायची, एकमेकींना न लागता. अख्खी गल्ली शिंकायची. परमिट रूममधल्या रिकाम्या बीअरच्या बाटल्या धुऊन, उन्हात उलट्या घालून वाळवलेल्या असायच्या. तपकिरी काचेतून उजेड जात नाही, मसाला वर्षभर टिकतो. एक बाई नरसाळ्याने मसाला ओतायची आणि दुसरी काठीने तो ठासायची. पुढच्या खोलीत बाप्यांनी रित्या केलेल्या बाटल्या मागच्या खोलीत बायका भरून ठेवत. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, मी शिंका मोजण्यात गुंतलेली असायची.

डिसेंबरात दारावर कागदी चांदणी लागायची आणि आंटी तांदळाच्या भाकरीऐवजी फुगे करायच्या. मैद्याचे, आंबवलेले, नारळाच्या रसाचे, तळून टम्म फुगलेले. दिगू एकदा सात फुगे खाऊन तिथेच बाकावर झोपला. पावसाळ्यात सुक्या बोंबलाची चटणी. आणि बारमाही शेवटी कॅरमल कस्टर्ड, वर काळपट पाक, चमचा लावला की थरथरणारं.

या सगळ्यात बाबा कुठे होते? पडद्याच्या पलीकडे.

त्यांचा क्रम ठरलेला होता. आम्हाला बसवायचं, वेटर वासूअण्णाला बोलवून आमचं जेवण सांगायचं, दिगूच्या डोक्यावर टपली मारायची आणि म्हणायचं, "येतंय हां पाच मिनटात." मग पडदा हलायचा आणि बाबा नाहीसे व्हायचे. थोड्या वेळाने वासूअण्णा पडद्यातून यायचा, हातात चण्यांची ताटली. लिंबू पिळलेले, तिखटमीठ लावलेले गरम चणे.

"बेबी, साहबने भेजा है."

मी आणि दिगू तुटून पडायचो. आपण आत बसलोय, तरी बाबांना आपली आठवण आहे! अजून थोड्या वेळाने दुसरी ताटली यायची. कधीकधी तिसरीही. जितक्या ताटल्या, तितकी बाबांची माया, असा माझा साधा हिशेब होता. शाळेतसुद्धा मी सांगायची, आमचे बाबा हॉटेलात गेले तरी आधी आम्हाला पाठवतात.

आई त्यातला एक चणाही खायची नाही. रिकामी ताटली उचलायला वासूअण्णा आला की ती हातानेच नको म्हणायची आणि ताटली आपल्या कोपराशी ठेवायची. दुसरी आली की पहिलीवर. दोन ताटल्या झाल्या आणि बाबा आले, तर आम्हाला कस्टर्ड मिळायचं आणि आई बाबांना भाकरी मोडून द्यायची. तिसरी आली की आईचं तोंड बारीक व्हायचं. दिगूचा घास हातात असला तरी ती उठायची. "चला." त्या दिवशी कस्टर्ड नाही. आम्ही समजायचो, उशीर झाला असेल.

मला ताटल्या आवडायच्या, पण त्याहून एक गोष्ट हवी होती. बाबांनी एक तरी जेवण सुरुवातीपासून शेवटपर्यंत आमच्याबरोबर बसून जेवावं. शेजारच्या टेबलावर कुणाचे तरी बाबा मुलीच्या ताटातला बांगड्याचा काटा काढून देताना दिसले की माझा जीव तुटायचा. आमचे बाबा यायचे ते आमची ताटं निवल्यावर. दोन घास खाऊन हात धुवायचे आणि आम्ही किती जेवलो ते विचारायचे.

चौथीचा निकाल लागला. वर्गात मी दुसरी आले. त्या रविवारी बाबा पडद्याआड गेल्यावर मी त्यांच्या मागे धावले आणि पडद्यात डोकं घालून मोठ्याने ओरडले, "बाबा, आज चार पाठवा! माझा दुसरा नंबर आलाय!"

पलीकडे एकदम हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "घे, परवानगी मिळाली यार तुला!" बाबाही हसले. मला वाटलं, झकास! आपण काहीतरी भारीच बोललो.

पहिली ताटली आली, दुसरी आली, तिसरी आली. आई उठायला लागली.

"थांब ना आई," मी म्हणाले. "अजून एक येणार आहे. मी सांगितलंय बाबांना."

आईने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. रागाची नव्हती ती, थकलेली होती. ती खाली बसली आणि चौथी ताटली यायची वाट बघत राहिली. बाबा आले तेव्हा त्यांचा हात पडदा बाजूला करायला गेला आणि पडद्याऐवजी फळीला लागला. घरी जाताना आईने त्यांची बाही धरली होती, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेताना धरतात तशी. मला कुणीच काही बोललं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून बसले होते, आणि मलाच ठाऊक नव्हतं.

कळलं ते मे महिन्यात. मसाल्याच्या दिवसांत मी बोळात आंटींना मिरच्यांची देठं काढू लागत होते. मी मोठेपणाने विचारलं, "आंटी, ती चण्यांची ताटली कशी मागवायची? काय नाव सांगायचं?"

आंटी हसल्या. "ती मागवाची नसते गो पोरी. गिलासाबरोबर आपसूक येते. एक गिलास, एक ताटली."

मी देठं काढत राहिले. बोटं मिरचीने भाजत होती. एक ग्लास, एक ताटली. दोन ग्लास, दोन ताटल्या. आणि मी भर खोलीत ओरडून चार मागितल्या होत्या. आंटींनी माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि ओरडल्या, "मिरचीचा हात डोल्याला लावलास ना? जा, तोंड धू जा." मी गेले आणि नळाखाली कितीतरी वेळ उभी राहिले.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार. आम्ही लुईसकडे गेलो, पंख्याचं टेबल मिळालं, बाबा "येतंय हां" म्हणून गेले. वासूअण्णा पहिली ताटली घेऊन आला. मी ती दोन्ही हातांनी त्याच्याकडे परत सरकवली.

"नको आम्हाला. साहेबांना परत द्या."

"क्यूं बेबी?"

"नको म्हणून सांगा."

वासूअण्णाने आईकडे बघितलं. आई दिगूचे हात पुसत होती, तिचं लक्ष नव्हतं. तो ताटली घेऊन गेला. मला वाटलं, मी फार शूर आहे. आता बाबांना लाज वाटेल, ते उठतील आणि इकडे येऊन बसतील.

बाबा आले नाहीत. मटण आलं, भाकऱ्या आल्या. आईने पुन्हापुन्हा पडद्याकडे बघितलं. दुसरी ताटली नाही, तिसरी नाही. शेवटी तिने वासूअण्णाला हाक मारून विचारलं, आणि त्याने पहिलीचं काय झालं ते सांगितलं.

आई माझ्याकडे वळली. चिडली की तिचं मालवणी बाहेर यायचं. "ताटली परत कित्याक धाडलंस?"

"मला कळलंय ती कशी येते ते," मी म्हणाले.

"तुका काय कळला? डोंबल!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "पडद्याच्या पलीकडचा माका दिसणा नाय. ताटली इली की कळता. परळाक असताना कुठे जायत, किती घेयत, काय कळायचा नाय. हय इलो तेव्हा त्यांनीच कबूल केल्यानी. मी बसतंय त्याच हाटेलात बसायचा आणि दर ग्लासाची ताटली माका धाडायची. दोन म्हणजे दोन. तिसरी ते लपवूक शकत होते. लपवल्यानी नाय कधी. आता माका कसा कळतला?"

मी हातातला घास ताटात ठेवला. बाबांनी चार ग्लास घेतले तर चारच्या चार ताटल्या आमच्या टेबलावर आल्या होत्या. एखादी त्यांनी स्वतः खाल्ली असती, शेजारच्याला दिली असती, तर कुणाला कळलं असतं? आणि त्यांचं ते खरं बोलणंच मी परत धाडलं होतं. आता पलीकडे किती ग्लास झाले असतील, चार की सहा, सांगायला काहीच उरलं नव्हतं. दिगू रडवेला होऊन म्हणाला, "आई, वाट लागली का?"

आई उठली. पदर खांद्यावरून घेतला, कमरेला खोचला आणि पडदा बाजूला करून ती परमिट रूममध्ये गेली. तिच्यामागून मी, माझ्यामागून दिगू.

तिकडचे आवाज एकदम थांबले. एक माणूस पेटती काडी हातात धरून तसाच राहिला. गल्ल्यावरचे लुईस अंकल अर्धवट उठले. "वैनी, फॅमिली रूम तिकडं हाय."

"माहीत आहे, लुईसबाब," आई म्हणाली. "आज आमचं जेवण इकडे लावा."

बाबा कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटे बसले होते. त्यांच्यापुढे एकच ग्लास होता, तोही जवळपास भरलेला. शेजारी मी परत पाठवलेली ताटली, जशीच्या तशी. त्यांनी एक चणा उचललेला नव्हता. अर्धा तास ते त्या ताटलीकडे बघत बसले असावेत. आईने तो ग्लास बघितला, आणि तिचे खांदे खाली आले.

"अगो, तू हय खंय?" बाबा चटकन उठून उभे राहिले.

"बसा," आई म्हणाली. "पोरां भुकेली आसत."

त्या दिवसापासून बाबांची सुटली, असं सांगता आलं असतं तर मलाही आवडलं असतं. सुटली नाही. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा पडद्याच्या अलीकडे होतो, ते पलीकडे. दोन ताटल्या यायच्या, एखाद्या महिन्यात तीन. आई त्या कोपराशी रचत राहिली, आणि मी प्रत्येक चणा मुकाट्याने खाल्ला. मी कॉलेजात असताना बाबा गेले. आई आता दिगूकडे बोरीवलीला असते, या सगळ्याबद्दल बोलत नाही. एकदाच मी तिला विचारलं होतं, एवढं सगळं तू सहन कसं केलंस गं? ती म्हणाली, "खोटा बोलूची सोय होती त्यांका. बोलले नाय." आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

पण त्या रविवारी आम्ही चौघं एका टेबलाशी बसलो. वासूअण्णाने आमची ताटं पडद्यातून एकेक करून आणली. आजूबाजूचे पुरुष हळू आवाजात बोलायला लागले, कुणीतरी ट्रान्झिस्टर बारीक केला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, बाबा आमच्याबरोबर जेवायला बसले होते, आणि मला त्यांच्याकडे वर बघवत नव्हतं. लाजेने माझे कान तापले होते.

बाबांनी भाकरीला हात लावला नाही. ते माझ्याकडे वाकले. आंटींना ऐकू जाऊन वाईट वाटू नये म्हणून आवाज अगदी खाली आणला.

"चणे आंबलेले काय गो, बाय?"

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. इतका वेळ ते याच काळजीत बसले होते, की आपण पोरांना खराब काहीतरी पाठवलं.

मला सगळं कळलंय, हे तेव्हा सांगता आलं असतं. मी आईकडे बघितलं. ती दिगूच्या भाकरीचा तुकडा मोडत होती आणि तिचा हात मधेच थांबला होता.

"हो बाबा," मी म्हणाले. "थोडे आंबले होते."

"मगे परत धाडलंस ता बरा केलंस," बाबा म्हणाले, आणि जेवायला लागले.